जुन्या डिझेल पिकअपचा ईसीयू बदलताना

कॉमन रेल डिझेल गाडी, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी गाडी, जुनी झाली आणि तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा सगळा कारभार पाहणारा संगणक, बिघडला की मालकापुढे मोठ्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. नव्या ईसीयूची किंमत गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या तुलनेत बरीच मोठी असते, आणि एवढे पैसे घालूनही योग्य तयारीअभावी गाडी सुरूच झाली नाही, असे घडू शकते. आंब्याच्या हंगामात पेट्या घेऊन वाशीच्या बाजारात जाणारी आमची चिपळूणची पिकअप या सगळ्यातून गेली आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ती बॉनेटपर्यंत बुडाली होती. त्यानंतर साफसफाई होऊन ती पुष्कळ काळ चांगली चालली, आणि मग तिचे दुखणे हळूहळू वर आले. त्या दुरुस्तीत जे कळले ते अशाच जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लक्षण असे होते की इंजिन तापले की गाडी चालता चालता बंद पडे आणि थंड झाल्यावर एका सेल्फमध्ये सुरू होई. हे ऐकताच बहुतेक जण ईसीयू उडाला असे सांगून मोकळे होतात. परंतु क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनचे फेरे मोजणारा, सेन्सर खराब झाला तरी अगदी हेच घडते, आणि तो सेन्सर ईसीयूच्या तुलनेत फार स्वस्त असतो. म्हणून पहिले काम म्हणजे गाडी बंद पडलेल्या अवस्थेत, गरम असतानाच स्कॅनर, म्हणजे ईसीयूतील नोंदी व बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र, लावून सेल्फ मारणे आणि पडद्यावर इंजिनचे फेरे दिसतात का ते पाहणे. सेल्फ फिरत असूनही फेरे शून्य दिसत असतील आणि पी०३३५ हा त्या सेन्सरचा कोड आला असेल, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. आमच्या गाडीत मात्र त्या वेळी स्कॅनर ईसीयूशी जोडलाच जात नव्हता, त्यामुळे संशयाला आधार होता. पण आधार म्हणजे पुरावा नव्हे. ईसीयूला वीजपुरवठा मिळत नसेल तरीही स्कॅनर जोडला जात नाही.

वीजपुरवठ्याची तपासणी हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घाईच्या दुरुस्तीत नेमका तोच वगळला जातो. नुसता मल्टिमीटर लावून बारा व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. वायरच्या आतील सगळे तारतंतू गंजून एकच शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्याऐवजी ईसीयूचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून, पिना फाकणार नाहीत अशी काळजी घेऊन, त्याच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या (अर्थिंगच्या) पिनांमध्ये एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून पाहावा. तो लख्ख पेटला तरच ती वायर भार पेलते असे म्हणता येते. कपलर परत लावल्यावर सेल्फ मारताना ईसीयूची अर्थ आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यात मीटर लावावा, तेथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसल्यास अर्थचे बोल्ट खोलून, घासून, पुन्हा आवळणे हाच पुढचा उपाय. ईसीयूला वीज जोडून देणारा मेन रिले आणि फ्यूज यांचीही खात्री याच वेळी करून घ्यावी.

यानंतरची तपासणी कमी लोकांना ठाऊक असते. अनेक सेन्सरना ईसीयू पाच व्होल्टचा पुरवठा देतो. त्यांपैकी एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो पाच व्होल्टचा पुरवठा खाली ओढला जातो आणि दिसायला ईसीयूच मेल्यासारखा भासतो. पी०६४१ किंवा पी०६५१ हे कोड याच पुरवठ्याविषयी असतात. अशा वेळी सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जावे आणि कोणता काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात ते पाहावे. पी०६०१ किंवा पी०६०६ यांसारखे कोड थेट ईसीयूच्या स्मृतीविषयी व प्रोसेसरविषयी बोलतात, तरीही पुरवठा आणि अर्थ तपासल्याशिवाय त्यांच्यावरही विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या गाडीत हे सर्व ठीक निघाले, तेव्हा ईसीयू काढून पाहिला. काढण्याआधी चावी बंद करून काही मिनिटे थांबावे, कारण बंद करतानाच्या नोंदी ईसीयू त्या वेळात लिहून ठेवतो; त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मगच कपलरची खिटी उचलावी. कपलर काढताच उत्तर समोर आले. ईसीयू डॅशबोर्डखाली उंचावर असल्याने पुराचे पाणी त्याच्यापर्यंत थेट पोचले नव्हते, परंतु इंजिनजवळचे खालचे कपलर पाण्यात होते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते गढूळ पाणी वायरच्या प्लास्टिक वेष्टणाच्या आत, तांब्याच्या तंतूंमधल्या फटींतून वर चढत गेले होते. ईसीयू चालताना तापतो आणि बंद झाल्यावर निवतो. निवताना आतील हवा आकसते व बारीकसारीक फटींतून ओलावा आत ओढला जातो. पिनांवर हिरवा गंज होता, आणि पेटी उघडल्यावर बोर्डाच्या कडेला सोल्डरवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली दिसली. तापल्यावर त्याच ठिकाणचा सांधा सुटत होता.

येथे सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट म्हणजे, जुना ईसीयू कितीही खराब दिसला तरी तो कोणाच्या हवाली करू नये आणि नव्याच्या बदल्यात देऊ नये, कारण त्यातील माहिती ही त्याच्या लोखंड-प्लास्टिकपेक्षा मोलाची आहे. ज्या गाडीत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीरोधक यंत्रणा, आहे, तिच्या चावीतील चिप, इमोबिलायझरचे युनिट आणि ईसीयू यांची एकमेकांशी ओळख ठरलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीयू हुबेहूब तसाच असला तरी तो नुसता बसवल्यास इंजिन पेटत नाही किंवा क्षणभर पेटून बंद होते. ही ओळख, गाडीचा चासी क्रमांक आणि पुष्कळदा इंजेक्टरचे कोडही एका लहान, आठ पायांच्या ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या, चिपमध्ये साठवलेले असतात. प्रोसेसर निकामी झाला असला तरी ही चिप बहुधा शाबूत असते, आणि प्रोग्रामर लावून तिच्यातील माहिती वाचून दुसऱ्या ईसीयूमध्ये उतरवता येते. नंतरच्या काळातील काही ईसीयूंमध्ये अशी वेगळी चिप नसते आणि तीच माहिती प्रोसेसरच्या पोटात असते. तेथे काम अवघड होते, म्हणून ईसीयू पूर्ण मरण्याआधीच त्याची प्रत काढून ठेवलेली बरी.

बदली ईसीयू शोधताना गाडीचे नाव आणि वर्ष एवढ्यावर जाऊ नये. पेटीवरील लेबलवर हार्डवेअरचा क्रमांक असतो. बॉशच्या डिझेल ईसीयूंमध्ये तो ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलच्या ०२६१ ने. हा क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे, आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही तपासली पाहिजे. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे आम्हाला तंतोतंत जुळणारा ईसीयू मिळाला. घेण्यापूर्वी पिनांवरचा गंज, पेटी आधी उघडल्याच्या खुणा आणि कोपऱ्यांवरचे मार पाहून घेतले, आणि पावती मागून घेतली. सुट्या भागाची पावती मागताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीत नसावा एवढी काळजी मालकानेच घ्यायची असते.

नवा ईसीयू बसवण्याआधी जुना का मेला याचे कारण दूर करणे भाग आहे, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो. एखाद्या सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपेचे) वेटोळे शॉर्ट असेल तर ईसीयूतील त्याचा ट्रान्झिस्टर पुन्हा जळेल. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढत असेल तर सगळा बोर्डच धोक्यात येईल. आमच्याकडे कारण वायरिंगमध्ये होते. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियननी काळवंडलेल्या वायरी चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत नेल्या, त्याच जाडीच्या नव्या वायरी सोल्डर करून जोडल्या, आतून गोंद असलेल्या श्रिंक स्लीव्ह चढवल्या आणि ईसीयूच्या अलीकडे वायरिंगला खाली झुकणारा वळसा दिला, म्हणजे बाहेरून वाहून येणारे पाणी तेथेच ठिबकून जाईल. या कामाला ईसीयू बसवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि दुरुस्ती टिकली ती या कामामुळेच.

माहिती उतरवून ईसीयू बसवल्यावर मूळ चावीनेच इंजिन सुरू झाले. तरीही प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर कोरलेला कोड स्कॅनरमध्ये दिसणाऱ्या कोडशी ताडून पाहिला, कारण तो चुकीचा असेल तर कोणत्या सिलिंडरला किती डिझेल द्यायचे याचा हिशेब बिघडतो आणि गाडी धूर टाकते किंवा ठोकते. याच टप्प्यावर आम्हाला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा, बंद करून ताकद वाढवून देण्याची तयारी कोणीतरी दाखवली होती, ती नाकारली. जुनी गाडी ठेवायची तर ती तिच्या मूळ नियमांत चालवावी, पीयूसी नावापुरती काढू नये, असे मला मनापासून वाटते.

शेवटची परीक्षा कुंभार्ली घाटात भरलेल्या गाडीने घेतली. घाटमाथ्यावर इंजिन पूर्ण तापलेले असताना ते बंद करून, बॉनेटखालची उष्णता ईसीयूपर्यंत चढेल इतका वेळ थांबून पुन्हा सुरू केले. रेलचा दाब स्थिर होता आणि एकही नवा कोड आला नाही. आता एक नियम आम्ही पाळतो: कोकणातल्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतोच आणि हौद्याला वेल्डिंग करावेच लागते, तेव्हा कारागीर आला की आधी बॅटरी सोडवायची, ईसीयूचा कपलर काढायचा, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावायला सांगायची. ईसीयूच्या माहितीची एक प्रत आरसी बुकाच्या फाईलमध्ये पेनड्राइव्हवर आणि दुसरी आमच्या इलेक्ट्रिशियनकडे ठेवली आहे, आणि इंजेक्टरचे चारही कोड त्याच फाईलमध्ये कागदावर लिहून लावले आहेत.