119 ला पार

कोल्हापुरात मे महिन्यात स्कोअरिंगला बसलं की दुपारी तीननंतर एक डोळा वहीत आणि एक आभाळात ठेवावा लागतो. वळीव सांगून येत नाही. त्या दिवशीही तसंच झालं. 50 ओव्हरचा निमंत्रित संघांचा सामना होता. पहिल्या संघानं 248 केले. दुसरा संघ 20 ओव्हरमध्ये 2 बाद 84 वर असताना धूळ उठली आणि पाठोपाठ टपोरे थेंब आले.

पाऊस थांबून मैदान सुकेपर्यंत 20 ओव्हर गेल्या. राहिल्या 10. अंपायर म्हणाले, "टार्गेट काढा."

अशा सामन्यांना आम्ही डकवर्थ-लुईसची, म्हणजे पावसानं ओव्हर कमी झाल्या की टार्गेट नव्यानं काढायच्या पद्धतीची, स्टँडर्ड आवृत्ती वापरतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांतली आवृत्ती सॉफ्टवेअरशिवाय चालत नाही. ही मात्र छापील तक्ता आणि कॅल्क्युलेटरवर निघते. माझा तक्ता लॅमिनेट केलेला आहे. त्यावरचं पाणी शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि 30 ओव्हरच्या ओळीवरून 2 बादच्या रकान्यापर्यंत बोट नेलं : 67.3. म्हणजे पाऊस आला तेव्हा डावाची एवढे टक्के ताकद शिल्लक होती. 10 ओव्हर, 2 बाद : 30.8. पावसानं खाल्ले 36.5, हाताशी उरले 63.5. 248 चे 63.5 टक्के म्हणजे 157.48. अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. टार्गेट 158.

शेजारच्या स्कोअररनं स्वतंत्रपणे तेच काढलं, तेव्हाच आकडा अंपायरांच्या हातात दिला.

बॅटिंगचा कॅप्टन तरातरा मंडपात आला. "सर, सरासरीनं 30 ओव्हरला 149 होतात. वरचे नऊ रन कुठनं आले?"

प्रश्न रास्त होता. त्याला खुर्ची दिली. म्हटलं, तुमच्या आठ विकेट हातात आहेत. 30 ओव्हर पुरवायच्या म्हणून त्या जपून वापरणार होता, आता दहाच ओव्हरमध्ये उधळता येतील. त्याची किंमत हे नऊ रन. मग तक्त्यावर दुसरा हिशेब दाखवला : याच 84 वर पाच बाद असते, तर टार्गेट 202 झालं असतं. पाऊस तेवढाच, ओव्हर तेवढ्याच. पण पाच बाद असलेला संघ आधीच मागं पडलेला असतो, त्याला पावसानं वाचवायचं नाही. तुम्ही मात्र पाऊस आला तेव्हा तीन रननं पुढं होता. तो थोडा वेळ तक्त्याकडं बघत राहिला आणि "बरं" म्हणून उठला. या पद्धतीवर माझा जीव आहे तो यासाठी. 1992 च्या विश्वचषकात सिडनीला दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 हवे होते आणि 12 मिनिटांच्या पावसानंतर एका चेंडूत 21 उरले. विकेटचं वजनच न धरणाऱ्या नियमानं तो सामना मारला होता.

खेळ सुरू झाला आणि पुन्हा भरून आलं. आता प्रत्येक ओव्हरअखेरचा पार स्कोअर, म्हणजे खेळ तिथंच थांबला तर ज्याच्याशी धावा ताडून निकाल लागतो तो आकडा, चिठ्ठीवर लिहून आत पाठवायचा होता. 25 व्या ओव्हरअखेर दोनच बाद असते तर तो 115 होता. तोवर पाच गेले, म्हणून नवी चिठ्ठी केली : "25 ओव्हर, 5 बाद, पार 119." बारावा खेळाडू पाण्याच्या बाटलीबरोबर ती घेऊन पळाला.

25 वी ओव्हर. पाच चेंडूंत स्कोअर 119 झाला. वीज कडाडली. शेवटचा चेंडू मिडल स्टंपवर होता, पोरानं तो पायाशी थोपवला. मिडविकेट सीमारेषेवर होता, चालत एक रन निघाला असता. नॉन-स्ट्रायकर अर्ध्यावर आलासुद्धा. यानं हात वर करून त्याला परत पाठवलं आणि बॅट उंचावली.

माझ्या पोटात गोळा आला. 2003, डर्बन. श्रीलंकेचे 268, दक्षिण आफ्रिका 45 ओव्हरमध्ये 229. मार्क बाउचरनं मुरलीधरनला षटकार मारला आणि पुढचा, शेवटचा चेंडू नुसता थोपवला. ड्रेसिंग रूममधून आलेला 229 हा जिंकण्याचा आकडा आहे असा समज झाला होता. तो बरोबरीचा होता. यजमान संघ घरच्या विश्वचषकातून बाहेर पडला. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी मी चिठ्ठीवर "पार 119" एवढंच लिहिलं होतं. इंग्रजीत पार म्हणजे बरोबरीची रेघ. आपल्याकडं पार म्हणजे पलीकडं पोचलो.

त्यानंतर चेंडू पडलाच नाही. सहाला अंपायरांनी सामना संपवला. बरोबरी, एकेक गुण.

पोरगं पॅड न सोडताच मंडपात आलं. ग्लोव्हमधून भिजलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. शाई पसरली होती, पण अक्षर माझंच होतं. "सर, पार लिहिलंय की."

त्याला म्हटलं, चूक माझी आहे. कॅप्टनलाही तेच सांगितलं, अंपायरांच्या अहवालातही लिहून दिलं.

रात्री घरी कोरे तक्ते पुन्हा केले. "पार" हा शब्दच काढला. एका रकान्यावर "बरोबरी" लिहिलं, शेजारी लाल शाईनं "जिंकायला" लिहिलं आणि त्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यात एक मिळवत बसलो.