रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा

कमरेचा एमआरआय नॉर्मल आलाय, हे मी माझ्या एका पेशंटबाईंना आनंदानं सांगितलं. त्या फिल्मच्या पाकिटाकडे बघत राहिल्या आणि हमसून रडायला लागल्या. फिजिओथेरपीत मला 12 वर्षं झाली. वाईट रिपोर्टवर रडणारे पुष्कळ पाहिले, चांगल्या रिपोर्टवर रडणाऱ्या ह्या पहिल्याच.

"आता कुणीच विश्वास ठेवणार नाही," एवढंच म्हणाल्या.

दुखणं तीन वर्षांचं. तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. तोवर मूळ इजा बहुतेकदा भरून आलेली असते, पण मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होऊन बसतात की नुसतं वाकलं तरी कळ उठते. हा हळवेपणा फिल्मवर उमटत नाही. उलट ज्यांना काही म्हणता काही दुखत नाही, त्यांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या सापडतात. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात तर विशीतल्या, पाठ न दुखणाऱ्या लोकांतही हे प्रमाण 37 टक्के निघालं होतं. मला हे सगळं पाठ आहे. तरी त्या दिवशी तोंडातून फक्त "नॉर्मल" निघालं.

त्यांच्या फाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी होती. वर एकच शब्द: मानसोपचार. त्या गेल्याच नव्हत्या. "म्हणजे मी ढोंग करते असंच ना?" या चिठ्ठ्यांचा मला मनापासून राग येतो. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे, हे वेदनेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत 1979 पासून लिहिलेलं आहे. तेवढं समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती न देता पेशंटला वाटेला लावायचं आणि वर "सांगूनही ऐकत नाहीत" म्हणायचं.

त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवला आणि झोपेचं विचारलं. रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. थोडं थांबून म्हणाल्या, "सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं."

मी स्टूल ओढून समोर बसले आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती आमच्यातल्या बऱ्याच जणांना असते. ती खरी नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली. ठरवलेलं काही नव्हतं, पण रात्री विचार यायचा. तीन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

चिठ्ठी दिली नाही, मी स्वतः सोबत गेले. बहिणीला बोलावून घेतलं, घरातली औषधं काही दिवस तिच्या ताब्यात ठेवायला सांगितली. मानसोपचारतज्ज्ञांनी ड्युलोक्सेटिन सुरू केलं. "हे मनाचं औषध की कमरेचं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ज्या रसायनांवर मनःस्थिती अवलंबून असते, त्यांच्याच जोरावर मेंदू पाठीकडून येणारी कळ दाबतो. गुण यायला काही आठवडे लागतील, हेही सांगितलं. इतकं नीट सांगणारा डॉक्टर भेटणं हे पेशंटचं नशीब, आणि ते नशिबावर सोडलेलं असावं याचं मला वाईट वाटतं.

माझ्याकडचं काम चालण्याचं. बऱ्या दिवशी त्या सगळी कामं उरकायच्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर. आधी नुसतं मोजलं: कितव्या मिनिटाला कळ वाढते? सरासरी सहा. म्हणून सुरुवात पाचानं. वाईट दिवशीही पाच, चांगल्या दिवशीही पाचच. यातलं खरं अवघड म्हणजे चांगल्या दिवशी थांबणं. पाय चालत असताना घड्याळ बघून परत फिरायला त्यांना रडू यायचं. आठ आठवड्यांनी 12 मिनिटं झाली आहेत. झोप पाचपर्यंत लागते. दुखणं दहापैकी 8 वरून 6 वर आलंय. गेल्या आठवड्यात पुन्हा दोन रात्री वाईट गेल्या, पण सकाळी त्यांनी आपणहून डॉक्टरांना फोन केला.

फाईलमध्ये आधीच्या सहा भेटींच्या नोंदी आहेत, माझ्याच अक्षरात. वेदना, 0 ते 10: सहाही वेळा 8. त्यापुढे मी एकदाही काही विचारलेलं नाही.