मीटिंग बोलावताय? मग आधी एक वाक्य लिहा

कुठलंही काम अडलं की ऑफिसात पहिलं काय सुचतं तर "एक मीटिंग लावूया का?" आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या कॅलेंडरवर तासाभराचा चौकोन येऊन बसतो, विषय "डिस्कशन", खाली डिस्क्रिप्शन रिकामं. माझं मत आता अगदी पक्कं झालंय. या मीटिंगमधून काय ठरवून बाहेर पडायचंय हे बोलावणाऱ्याला एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर ती मीटिंग बोलावूच नये.

वाक्य म्हणजे कसं, तर "नवीन वेबसाइटबद्दल चर्चा" हा झाला नुसता विषय. "दोन डिझाइनपैकी एक फायनल करायचं आणि लाँच या महिन्यात की पुढच्या, ते ठरवायचं" हे झालं वाक्य. हे दुसरं वाचलं की लगेच कळतं कोण यायला हवं, कोण नाही आलं तरी चालेल, येताना काय वाचून यायचं. आणि खूपदा असं होतं की वाक्य लिहायला बसलं की लक्षात येतं, अरे यात ठरवायचं काहीच नाहीये, नुसती माहिती द्यायचीय, मग ती मेलवर द्या ना! आठ जणांना एक तास बसवलं तर आठ तास जातात, म्हणजे एका माणसाचा कामाचा अख्खा दिवस, आणि त्यातला जो कुणी डोकं लावून काहीतरी करत बसलेला असतो त्याचा तर अकराच्या मीटिंगसाठी साडेदहापासूनच हात थांबलेला असतो, कारण अर्ध्या तासासाठी नवीन काय सुरू करणार.

अजेंड्याबद्दल एकच सांगते, सगळ्यात जड मुद्दा सगळ्यात वर ठेवा. "आधी छोटे छोटे उरकून घेऊ" म्हटलं की ते छोटेच वाढत जातात. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने 1957 मध्ये एका काल्पनिक कमिटीचं उदाहरण दिलं होतं, त्यात 1 कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि 350 पौंडांच्या सायकल शेडवर मात्र पाऊण तास घोळ चालतो. कारण अणुभट्टीतलं फारसं कुणाला कळत नाही आणि शेडचं छप्पर कशाचं असावं यावर प्रत्येकाला मत असतं. आपल्याकडे बटणाचा रंग, स्लाइडवरचा लोगो, फाइलला नाव काय द्यायचं, हे सगळं त्याच शेडमधलं. असं काही सुरू झालं की चालवणाऱ्याने सरळ म्हणावं, "हे दोघं मिळून ठरवा, उद्यापर्यंत सांगा, पुढे जाऊ."

वाचून येण्याचं म्हणाल तर लोक वाचून येत नाहीत, हे धरूनच चालायला हवं. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधलं पॉवरपॉइंट बंद केलं, त्याऐवजी नीट वाक्यांत लिहिलेला, जास्तीत जास्त सहा पानांचा मेमो आणायचा आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी तिथेच बसून तो शांतपणे वाचायचा. सहा पानं प्रत्येकाला लागत नाहीत, एक पान पुरतं. पण पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी तेच पान वाचलं की "थोडक्यात बॅकग्राउंड सांगतो" म्हणत जी वीस मिनिटं जातात ती वाचतात, शिवाय लिहिताना लिहिणाऱ्याचंच डोकं स्वच्छ होतं ते वेगळंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आधी कोण बोलतं. साहेबांनी सुरुवातीलाच "मला वाटतं आपण पहिलं डिझाइन घ्यावं" असं म्हटलं की चर्चा तिथेच संपली, नंतर सगळे त्याच डिझाइनचे फायदे सांगत बसतात आणि ज्या नव्या मुलीने ते मोबाइलवर उघडून बघितलंय आणि तिथे फॉर्म कापला जातोय हे जिला माहितीये ती गप्प बसते. यात तिचा भित्रेपणा वगैरे काही नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, त्यात तीन रेघांपैकी समोरच्या रेघेएवढी कुठली एवढंच सांगायचं होतं, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं, तरी बाकीचे ठरवून चुकीचं बोलल्यावर साधारण चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. आणि तिथे तर कुणी कुणाचा बॉस नव्हता! म्हणूनच कितीतरी देशांच्या लष्करी न्यायालयांत मत नोंदवताना सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात करायची जुनी पद्धत आहे. मग ऑफिसात काय हरकत आहे? सगळ्यात नवीन माणसाला आधी विचारा, सीनियरने शेवटी बोला. किंवा दोन मिनिटं देऊन प्रत्येकाला आपलं मत चॅटमध्ये लिहायला सांगा आणि एकदमच पाठवायला लावा. कॉलवर असलेल्यांना तर नाव घेऊनच विचारायला हवं, कारण रूममध्ये बसलेले चौघं आपापसात बोलायला लागले की स्क्रीनवरच्याला शिरायला फटच मिळत नाही.

वेळेवर सुरू करा हे काय वेगळं सांगायचं, फक्त उशिरा आलेल्यासाठी परत पहिल्यापासून सुरुवात करू नका, वेळेवर आलेल्यांना ती शिक्षा होते.

शेवटची पाच मिनिटं मात्र राखूनच ठेवा, नवीन मुद्दा निघाला तरी तो पुढच्या वेळी. त्या पाच मिनिटांत स्क्रीनवर सगळ्यांसमोर लिहायचं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. "टीम बघून घेईल" असं लिहिलं की ते काम कुणीच करत नाही, तिथे एका माणसाचं नाव हवं आणि तो माणूस तिथे हजर हवा, नसलेल्याच्या गळ्यात काम मारायचं नाही. समोर लिहिल्याचा फायदा म्हणजे "मी असं म्हटलंच नव्हतं" हे तिथल्या तिथे निघतं आणि तेव्हाच मिटतं. तीच तीन-चार वाक्यं त्याच दिवशी सगळ्यांना पाठवायची, जे आले नव्हते त्यांनाही, बस.

आणि दर आठवड्याची जी ठरलेली मीटिंग असते ना, तिला शेवटची तारीख टाकूनच इन्व्हाइट पाठवा. तारीख आली की विचारायचं, अजून लागते का? बोलावणं आलेल्यालाही नाही म्हणता यायला हवं. "यात माझ्याकडून कुठला निर्णय हवाय? माहितीपुरतंच असेल तर मी नोट्स वाचेन, काही विचारायचं असेल तर दहा मिनिटांसाठी बोलवा" एवढं लिहिलं तर कुणाचा अपमान होत नाही. असा मेसेज आला तर बोलावणाऱ्याने फुगून बसू नये, सरळ "चालेल" म्हणावं आणि त्याचं नाव इन्व्हाइटमधून काढून टाकावं.