पाचवी टाकी ठेवायची कुठे?

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून माशांची दोन फुटी टाकी रिक्षात घालून आणणं फार सोपं आहे. नुसती काच त्या मानाने स्वस्त पडते, आणि घोळ तिथेच होतो. फिल्टर, लाइट, स्टँड आणि झाकण यांचा खर्च मिळून काचेच्या पुढे जातो. तोही एकदाच होतो म्हणून सोडून देऊ. दर रविवारी परत परत द्यावं लागतं ते पाणी. म्हणून घरात टाक्या किती मावतील हे भिंतीकडे बघून ठरवू नये, बादल्या मोजून ठरवावं.

हिशेब असा. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. 24 बाय 12 बाय 12 इंचाची टाकी कागदावर 56 लिटरची असली तरी वरची इंचभर मोकळी जागा आणि खालची वाळू सोडली तर तिच्यात 48 ते 50 लिटर पाणी बसतं. आठवड्याला पाव भाग बदलायचा म्हणजे 12 लिटर. चार टाक्यांचे 48 लिटर बाहेर काढायचे आणि तेवढेच आत भरायचे, म्हणजे 15 लिटरच्या बादलीने सात-आठ खेपा. आठ टाक्या झाल्या की तेरा-चौदा खेपा. काच पुसणं, फिल्टरचा स्पंज पिळणं आणि वाळूतली घाण ओढणं धरून एका टाकीला वीस मिनिटं लागतात. आठ टाक्यांचा रविवार जेवायच्या वेळेपर्यंत पुरतो, आणि सोसायटीचं पाणी नऊला जात असेल तर तोही पुरत नाही. मग एक आठवडा चुकतो, माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट चढतं, काचेवर हिरवं येतं आणि घरचे म्हणतात, 'एवढ्या टाक्या आहेत, एक तरी धड आहे का?' त्यांचं खरंच असतं.

निम्म्या खेपा वाचवता येतात. घाण पाणी बादलीत काढूच नका. पाच-सहा मीटरचा लवचिक पाइप थेट न्हाणीघराच्या जाळीपर्यंत किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत न्या. मिठाचं किंवा औषधाचं नसेल तर हे पाणी झाडांना उत्तम. भरताना मात्र बादली हवीच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं असतं. दुकानातलं 'अँटी-क्लोरीन' म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचा हायपो. त्याचे 100 ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून गडद रंगाच्या बाटलीत भरून ठेवावेत. 15 लिटरच्या बादलीला 2 मिली पुरे. घरात लहान मुलं असतील तर बाटलीवर ठळक नाव लिहावं आणि ती वर ठेवावी.

आता जागा. चार टाक्या चार कोपऱ्यांत ठेवल्या की चार बोर्ड, चार पंप, चार ओले डाग आणि चार भांडणं. त्याच चार टाक्या एका रॅकवर चढवल्या तर भिंतीची फक्त चार फूट जागा जाते. 35 मिमी लोखंडी अँगलचा वेल्डिंग केलेला रॅक, चार फूट लांब, दोनच मजले, वर 18 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय आणि टाकीखाली थर्माकोलची शीट. बारीक खडा किंवा प्लायचा उंचवटा थर्माकोल पोटात घेतो. तो नसेल तर सगळा भार एका बिंदूवर येतो आणि तळाची काच महिना-दोन महिन्यांनी तडकते, बहुतेक रात्री. रॅक जागेवर ठेवल्यावर पाणसळ लावून बघा. पाय डगमगत असेल तर त्याखाली पत्र्याची चकती सारा, टाकीखाली पुठ्ठा नको. पुठ्ठा भिजतो आणि दबतो.

उंची ठरवताना सगळे चुकतात. खालचा प्लाय जमिनीपासून सहा इंच वर हवा, नाहीतर पोछा आत जात नाही आणि झुरळं वस्तीला येतात. टाकी 12 इंच, तिच्यावर हात, जाळी आणि पाइप घालायला 10 इंच मोकळे, म्हणजे दुसरा मजला साधारण 30 इंचांवर येतो आणि वरच्या टाकीची कड 42 इंचांवर. इथपर्यंत सगळं हाताखाली आहे. तिसरा मजला घातला की त्याची कड साडेपाच फुटांवर जाते आणि प्रत्येक वेळी स्टूल लागतं. स्टूल लागणारी टाकी हमखास दुर्लक्षित राहते. खालच्या टाकीची वेगळी अडचण: पाव पाणी बादलीत उतरतं, पण पूर्ण रिकामी करायची झाली तर बादलीची कड टाकीच्या तळापेक्षा उंच पडते आणि सायफन थांबतो. तेव्हा घमेलं वापरा.

वजनाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात: 'काही होत नाही' आणि 'स्लॅब कोसळेल'. मोजून बघू. भरलेली दोन फुटी टाकी काच-वाळूसकट सुमारे 70 किलो. चार टाक्या आणि रॅक मिळून 310 किलोच्या आसपास. राहत्या खोलीची जमीन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात, म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीला एकूण 2200 किलोच्या घरात. रॅकखालच्या तेवढ्याच तुकड्यावर मात्र हे प्रमाण चौपट होतं. म्हणून रॅक स्लॅबच्या मध्यावर नको, खाली बीम असलेल्या भिंतीला लागून हवा. पुढे आलेल्या बाल्कनीत नको. चाळीतल्या लाकडी तक्तपोशीवर तर अजिबात नको. इमारत जुनी असेल किंवा याहून जास्त चढवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावं.

वीज. प्रत्येक टाकीत 15 वॉटचा इंटर्नल फिल्टर चोवीस तास चालला तर चार टाक्यांचे महिन्याला 43 युनिट होतात. त्याऐवजी एकच 10 वॉटचा एअर पंप आणि चार स्पंज फिल्टर लावले तर सव्वासात युनिट. लाइट 10 वॉटचे, टायमरवर रोज सहा तास, त्याचे आणखी सव्वासात. महावितरणच्या बिलात 100 युनिटच्या वर दर चढतो. आधीच त्या रेषेवर असलेल्या घरात टाक्यांचा प्रत्येक युनिट महागातल्या दराने लागतो, हे लक्षात ठेवून पंप निवडा.

एका पंपावर चार स्पंज चालवताना नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्यायला हवं. हवा आळशी असते, जिथे कमीत कमी पाणी ढकलावं लागेल तिथे जाते. टाकी रॅकच्या वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, याने फरक पडत नाही. नळीचं टोक पाण्यात किती खोल आहे यानेच पडतो. तीन स्पंज 10 इंच खोल आणि चौथा 8 इंच खोल असला की सगळी हवा चौथ्यात खदखदते आणि बाकीचे मुके होतात. लोकांना वाटतं पंप कमी पडला, आणि ते मोठा आणतात. खरं तर चौथ्याची कॉक, म्हणजे नळीवरची छोटी तोटी, थोडी आवळायची, मग बाकीच्यांच्या हळूहळू उघडायच्या. प्लॅस्टिकच्या कॉक दोन उन्हाळ्यांत गळतात, पितळी घ्या. सगळ्या कॉक आवळूनही जोर जास्त वाटत असेल तर लाइनच्या टोकाला एक जादा कॉक लावून हवा बाहेर सोडा, पंपाचा पडदा जास्त टिकतो.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून बोर्डावर. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळ झोलाच्या तळाशी गळून पडेल. त्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, हवी. पंपाची घरघर घरच्यांना रात्री छळते. तो टेकवू नका, दोरीने टांगा किंवा जाड फोमवर ठेवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्या तक्रारीही बऱ्याचदा रास्त असतात. टाक्यांचा मग आणि बादली वेगळ्या रंगाचे ठेवा, ते घरात दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत. वास येत असेल तर टाकीचा दोष नसतो, खाणं जास्त पडलेलं असतं. निरोगी टाकीला पहिल्या पावसातल्या मातीसारखा मंद वास असतो. फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे माशांच्या खाण्याच्या गोठवलेल्या लाल अळ्या, फ्रीजरमध्ये ठेवायचेच असतील तर झाकणाच्या डब्यात. शाकाहारी घरात तो विषय काढूच नये, चांगल्या सुक्या खाण्यावर बहुतेक मासे ठणठणीत राहतात. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांच्या खणांच्या डबीत दिवसाआड एक चिमूट भरून द्या. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी चालतात, ओंजळभर खाण्याने सडलेल्या पाण्यात दोन दिवस राहत नाहीत.

नवी टाकी 'लागते' ती बहुतेक वेळा पिल्लांमुळे. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-पन्नास पिल्लं देते, आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देत राहते. बेट्टा या लढाऊ माशाची जोडी लावली तर शेकडो पिल्लं होतात आणि मोठे होऊ लागलेल्या प्रत्येक नराला स्वतंत्र बरणी लागते. जागा नसेल तर जोडी लावूच नये. एका टाकीत आठ गप्पी नर ठेवा. रंग तेच, वंशवेल नाही. भांडखोर मासा वेगळा करायला तीन फुटी टाकीत स्पंजच्या जाड पडद्याने खोल्या पाडता येतात. पाणी सगळ्यांचं एकच राहतं, त्यामुळे आजारी मासा तिथे वेगळा होत नाही. त्याला 20-25 लिटरचा प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा पुरतो, जो एरवी पलंगाखाली जातो.

जास्तीचे मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत नाही. उजनीच्या जाळ्यांत सकर कॅटफिश सापडतो, आणि हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, घरोघरच्या टाक्यांत काच साफ करायला ठेवला जाणारा.

रिकामी झालेली टाकी उलटी करून, कोरडी ठेवा. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक घरात साठलेलं पाणी बघायला येतात आणि गॅलरीतली पाव भरलेली टाकी त्यांना आधी दिसते. वर्षभराने तीच परत लावायची झाली तर आधी न्हाणीघरात 48 तास भरून ठेवा, काचांच्या सांध्यातलं वाळलेलं सिलिकॉन गळायचं तर तिथेच गळू दे.

आणि मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात एक जादा स्पंज कायम चालू राहू द्या. पिळायचा तर टाकीच्याच पाण्यात, नळाखाली धरला की त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरतात. नवी टाकी शून्यापासून पिकायला, म्हणजे तिच्यात हे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात, हा स्पंज टाकला की थोड्या माशांसाठी ती त्याच दिवशी तयार होते. घरातून परवानगी मिळाली तर ती बहुधा एका संध्याकाळपुरतीच मिळते.