पावती

माझी मैत्रीण डी माझ्याबरोबर औषधांच्या दुकानात आली की एक सोहळा ठरलेला. घेतलेलं असतं काय, तर दीड डॉलरचं च्युइंग गम. काउंटरवरचा मुलगा विचारतो, पावती हवी का? डी म्हणते, हो, आणि पिशवीपण. मग यंत्रातून कुरकुरत हातभर कागद बाहेर येतो. इथल्या औषधांच्या दुकानांच्या पावत्या म्हणजे सत्यनारायणाची पोथी. गमची एक ओळ, बाकी सगळी कुपनं. डी तिच्या चार घड्या घालते, पाकिटात ठेवते, गम पिशवीत टाकते आणि मगच दाराकडे वळते.

मी पडले कापडी पिशवीवाली. सुरुवातीला मी तिला बरेच टोमणे मारले. एवढ्याशा गमला पिशवी कशाला, समुद्रातल्या कासवांचा तरी विचार कर. "कासवांना माझा नमस्कार सांग," ती म्हणायची.

पावत्या जपणारी माणसं मला नवी नव्हती. पुण्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे तारेचा आकडा होता आणि बाबा त्यात बिलं खोचत. मिक्सर, इस्त्री, अगदी सायकलची ट्यूबसुद्धा. वस्तू बिघडली तर दुकानदाराच्या तोंडावर मारायला. डीही तसलीच काटेकोर असणार, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे पावती वस्तूची असायची. डीकडे ती माणसाची असते, हे कळायला मला फार वेळ लागला.

डी ब्लॅक आहे. अटलांटात जन्मली, तिथेच वाढली. लहानपणीच आईने तिला शिकवलं होतं: दुकानात हात खिशात घालायचे नाहीत. घ्यायचं नसेल त्याला हात लावायचा नाही. जॅकेटची टोपी डोक्यावर नको. पिशवी आणि पावतीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला मुलांकडून शुभंकरोति म्हणून घेतात, तसं हे तिच्याकडून घोकून घेतलेलं.

हे तिने आपणहून सांगितलं नाही. त्याआधी मी माती खाल्ली. एका मोठ्या दुकानात आम्ही चादरी बघत होतो. गणवेशातला रखवालदार आधी टॉवेलांपाशी होता, मग उशांपाशी, मग आमच्या मागेच. डी म्हणाली, "चल, निघू या." मी म्हटलं, "अगं, तो सगळ्यांकडेच बघत असेल." ती काही बोलली नाही. गाडीतही नाही. पुढचे दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत तिला रोज काही ना काही काम निघालं.

गंमत म्हणजे मला स्वतःला असं कुणी म्हटलेलं मुळीच खपत नाही. फोनवर माझे उच्चार ऐकून "जरा अमेरिकन माणसाला दे" म्हणणारी गिऱ्हाइकं मला भेटली आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथा गावात, "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत एकाने श्रीनिवास कुचीभोतला या इंजिनिअरला गोळ्या घातल्या, तेव्हा महिनाभर मी आणि नवरा वाणसामानाच्या दुकानात मराठी कुजबुजत होतो. कोथिंबीर घेऊ का, हेसुद्धा कानात. डीला हे सांगितलं तेव्हा तिने एकदाही "कदाचित" म्हटलं नव्हतं. तिला पुरावा लागला नाही. चादरींच्या दुकानात मला लागला.

मला इथे विचारतात, तू कुठून आलीस? तिला विचारतात, तू इथे काय करतेस? माझ्या प्रश्नाला उत्तर तरी आहे. पुणे म्हणते आणि सुटते.

एकदा तिने विचारलं, "तिकडे तुझं कसं होतं?" मी आडनावांची भानगड समजावू लागले आणि मला एक खोली आठवली. कॉलेजात असताना आम्ही दोघी मैत्रिणी भाड्याने जागा शोधत होतो. मालकीणबाईंनी माझं आडनाव ऐकून चहा टाकला. मैत्रिणीचं ऐकल्यावर म्हणाल्या, अगं बाई, खोली तर कालच गेली. आम्ही जिना उतरलो. खोली खरंच गेली असेल, असं मी कितीतरी वर्षं मानत होते. डीने शांतपणे विचारलं, "तुझ्या त्या मैत्रिणीच्या अशा किती खोल्या काल गेल्या?" मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग घराची गोष्ट. आम्ही राहतो अटलांटाच्या उत्तरेला, फोर्साइथ काउंटीत. शाळा चांगल्या, लेक लॅनियर जवळ, इडलीचं पीठ हाकेच्या अंतरावर. गणपतीला डीला बोलावलं. आरती सातला, तर ही दुपारी एकला हजर. उकडीच्या मोदकावर तूप घेतलं, दुसऱ्यावर आणखी घेतलं, गणपतीला उंदीरच का मिळाला यावर आईशी हुज्जत घातली, आणि सूर्य मावळायच्या आत निघाली. मला वाटलं, ट्रॅफिक टाळत असेल.

तिच्या आजीच्या तोंडी आमच्या काउंटीचं नाव वेगळ्या कारणासाठी होतं: तिकडे पेट्रोलला थांबायचं नाही. १९१२ साली एका गोऱ्या मुलीच्या खुनानंतर इथल्या जवळजवळ अकराशे ब्लॅक लोकांना रात्री-अपरात्री गोळीबार करून, घरं आणि चर्च जाळून हाकलून दिलं. सगळ्यांना. पुढची कित्येक दशकं काउंटी गोरीच राहिली; सूर्य मावळल्यावर ब्लॅक माणसाने इथे दिसायचं नाही, असा दंडक. जानेवारी १९८७ मध्ये याच्या निषेधाचा मोर्चा आला, त्याच्यावर दगड पडले. पुढच्या आठवड्यात वीस हजार माणसं आली, तेव्हा कुठे नीट चालता आलं. १९८७ म्हणजे मी शाळेत होते. फार जुनं नाही. घर दाखवणाऱ्या एजंटने आम्हाला शाळांचे आकडे दिले, तळ्यावरचा सूर्यास्त दाखवला. सूर्यास्ताची दुसरी बाजू त्याने सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. ज्यांना हाकललं त्यांच्या रिकाम्या जागेत आम्ही मोदकाची पात्रं मांडली आहेत.

नवऱ्याचे काका १९६९ साली आले. दिवाळीच्या फराळाला ते दरवर्षी सांगतात, आम्ही स्वतःच्या हुशारीवर आलो, हे काळे लोक कष्टच करत नाहीत. पूर्वी मी चकली पुढे करायची. आता करत नाही. १९४६ च्या कायद्यानुसार भारतातून वर्षाला शंभर जण येऊ शकत. हुशारी काय १९६५ सालीच उगवली? त्या वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या ब्लॅक माणसांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्या चळवळीच्या रेट्यात वंशावरून माणसं मोजणं लाजिरवाणं ठरलं आणि ऑक्टोबरात प्रेसिडेंट जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. बिल दुसऱ्यांच्या नावावर फाटलं, फराळ काका करतात. हे मी यंदा बोलले. काकूंनी घाईघाईने चहा आणला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये सुरेशभाई पटेल मुलाच्या घराबाहेर सकाळी फिरत होते. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले आजोबा. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एक सडपातळ ब्लॅक माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. इंग्लिश येत नव्हतं. 'इंडिया' एवढं ते म्हणाले होते.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. रंग माझ्या सासऱ्यांचा, केस कुरळे, उंची सहा फुटांना टेकलेली, आणि जॅकेटची टोपी बारा महिने डोक्यावर. गेल्या महिन्यात डी घरी आली, त्याच्याकडे पाठीमागून बराच वेळ बघत राहिली आणि मग त्याला घेऊन ओट्यापाशी जाऊन बसली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

शनिवारी धुणं लावताना त्याच्या जीन्सचे खिसे तपासले. चार घड्या घातलेली पावती निघाली. गम, एक नग.

"हे काय रे?"

"डी-मावशीने सांगितलंय."

"आणि पिशवी?"

"नाही घेतली. प्लॅस्टिक वाईट ना? तूच म्हणतेस."

मी पावती उलगडली, पुन्हा घडी घातली.

"पुढच्या वेळी पिशवीपण घे," मी म्हटलं.