पद्मिनी घेऊन घाटांत: जुन्या गाड्यांच्या रॅलीचा माझा अनुभव

परत आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "बंद पडली का?" पडली. आंबा घाटात. का पडली ते ठाऊक होतं, म्हणून पुन्हा सुरूही झाली. पण लोकांना वाटतं तसा हा सगळा नशिबाचा खेळ नसतो. अशा दौऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग निघायच्या आधी गॅरेजमध्येच उरकलेला असतो. ज्यांच्याकडे एखादी जुनी गाडी कव्हर घालून उभी आहे आणि जावं की नको असं चाललंय, त्यांच्यासाठी हे जरा तपशिलात लिहितोय.

माझी गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगखालच्या दांड्याला गिअर, पुढे सलग सीट. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. दौरा पुण्याहून वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, दापोली, मग किनाऱ्याने रत्नागिरी आणि आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे परत. पावसाळा संपून रस्ते जरा सुधारले की निघायचं, असं ठरलेलं होतं.

आधी कागद. २०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मोबदल्यात ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. माझ्या गाडीला पन्नाशीला अजून थोडा अवकाश आहे, पण पन्नाशी झाली तरी मी त्या वाटेला जाणार नाही. मला रविवारी तिच्यातून मंडईत जायचं असतं. म्हणून आपला साधा रस्ता: दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, विमा. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० वर गेलं, तेव्हापासून ही हौस महागलीच आहे. चेसिस नंबरचा पेन्सिलने कागदावर काढलेला छाप मी आधीच तयार ठेवतो. आयत्या वेळी बॉनेटमध्ये डोकं खुपसून तो काढत बसण्यात अर्धा दिवस जातो.

मग मिस्त्री. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलतात कमी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "इंजिनाचं नंतर बघू. आधी ब्रेक." पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. कुठेही गळालं की सगळंच गेलं. त्यामुळे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) आणि चारही व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक लावणारे) यांच्या रबरी किट नव्या टाकल्या. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरलं, कारण जुनं तेल हवेतला ओलावा पीत राहतं आणि लांब उतारावर तापलं की त्यात वाफ होते. मग पाय दाबला तरी पेडल नुसतं खाली जातं.

दुसरं काम पेट्रोलच्या नळ्यांचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि सत्तरच्या दशकातलं रबर त्याच्यासमोर टिकत नाही, मऊ पडतं किंवा तडकतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदलली, पंपाचा पडदाही नवा. रेडिएटर बाहेर काढून साफ केला. हे सामान आता शोधावं लागतं. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्यात सगळं मिळायचं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पुण्यात नाना पेठेतल्या दोन-तीन जुन्या दुकानांत अजून काहीबाही निघतं, मालकाशी गप्पा मारायची तयारी हवी. डिकीत सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारे भाग), फॅन बेल्ट, दोन होज, प्लग, दोन कॅन पाणी, भरपूर फडकी. फडक्यांना हसू नका.

आता रॅली म्हणजे काय. बऱ्याच जणांना वाटतं शर्यत. आमची टीएसडी होती, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. ठरलेल्या टप्प्यात आयोजकांनी दिलेला सरासरी वेग राखायचा. ताशी ३६ची सरासरी दिली तर एक किलोमीटर बरोबर १०० सेकंदांत, ३०ची दिली तर १२० सेकंदांत. वाटेत कुठेतरी झाडामागे माणूस घड्याळ घेऊन बसलेला असतो. उशिरा पोचलात तर सेकंदाला एक गुण दंड, लवकर पोचलात तर दोन. हा नियम मला फार आवडला. सुसाट हाणणाऱ्याला तो उशिरा येणाऱ्यापेक्षा जास्त मारतो, आणि माझ्या गाडीच्या पिकअपला तेच सोयीचं आहे.

नॅव्हिगेटर म्हणून भाची बसली. इंजिनिअरिंगला आहे, गणित पक्कं. मोबाइल बंद करून पाकिटात सीलबंद. हातात रोडबुक, त्यात प्रत्येक वळणाचं छोटंसं चित्र: गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे जायचं तिकडे, शेजारी अंतर. पण ते अंतर आयोजकांच्या मीटरचं. माझ्या मीटरवर टायरची झीज, हवा आणि पंचेचाळीसेक वर्षांचं वय. त्यासाठी सुरुवातीला एक मोजलेला टप्पा देतात. त्यांचे १० किलोमीटर झाले तेव्हा आमच्या मीटरवर १०.५ होते. भाचीने लगेच सगळे आकडे १.०५ने गुणून पेन्सिलने लिहून काढले. "मामा, आता तुम्ही फक्त ऐकायचं. बाहेर बघायचं नाही."

खंबाटकी घाट पहिल्याच सकाळी. गार हवेत गाडी तिसऱ्यात आरामात चढली. वाईनंतर पसरणी घाटात पहिला खरा टप्पा, सरासरी ३०. चढावर तीस राखणं सोपं वाटतं. मग एसटी पुढे येते, तिच्यामागे उसाचा ट्रॅक्टर. भाची शेजारून सेकंद मोजतेय, "आठ सेकंद मागे, अकरा सेकंद मागे…" मग रस्ता मोकळा झाल्यावर मी जरा दाबलं, की लगेच, "मामा, चार सेकंद पुढे, सोडा पाय!" खाली वाई आणि धोमचं पाणी सुंदर दिसतं म्हणे. मला काटाच दिसत होता, तापमानाचा. सहभागी लोकांनी काढलेले फोटो नंतर बघितले, छान आहेत.

महाबळेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरायचा, आणि माझ्या मते सगळ्या दौऱ्यातला अवघड भाग हाच. साडेतेराशे मीटर उंचीवरून जवळजवळ कोकणच्या पातळीला पोलादपुरात यायचं. मिस्त्रींनी निघताना सांगितलं होतं, "ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवा." दुसरा टाकला तो प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत काढला नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला उसंत मिळते. आमच्या पुढे एक अँबॅसेडर होती, तिच्या ब्रेक लायनिंगचा जळका वास आम्हाला मागे येत होता. गाडीतले काका अनुभवी, त्यांनी रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. कुणीतरी बाटली घेऊन धावला तर ओरडले, "अरे, पाणी नको! तापलेल्या ड्रमला तडा जाईल." आम्ही सगळेच थांबलो. काकूंनी चिवडा काढला.

पोलादपूरनंतर कशेडीला आता बोगदा झालाय, रोडबुकमध्ये मात्र मुद्दाम जुना घाट. खेड, दापोली, मग दाभोळ. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, पुढे गुहागर, हेदवी आणि तवसाळहून जयगडला पुन्हा बोट. फेरीवर चढताना ओहोटी असेल तर उतार चांगलाच तिखट होतो आणि जेट्टी ओली असते, तेव्हा आधी उतरून बघावं, मग गाडी घालावी. बोटीवरच्या पोरांनी एका ओळीत हेरल्ड, जीप, बीटल आणि माझी पद्मिनी अशा इंच-इंच सरकवून लावल्या की दारं उघडेनात. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, आणि पुरुषभर अंतरावर खाडी. जयगडनंतर आरे-वारेच्या रस्त्यावर स्पर्धेचा टप्पा नव्हता, त्यामुळे तिथे मी खरोखर बाहेर बघितलं. रत्नागिरीत लॉजवाल्याकडून पाइप मागून खालून गोड्या पाण्याने सगळी गाडी धुतली. खारी हवा पत्र्याला काय करते हे आमच्या गाडीच्या दारांना विचारा.

आणि मग आंबा घाट. साखरप्याहून चढायला लागलो तेव्हा दुपारचे दोन. पुढे ट्रकची रांग, पहिल्या गिअरमध्ये थांबत थांबत. काटा वर सरकत होता, पण हद्दीत. मध्येच इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो. तो इतका तापला की आतल्या पेट्रोलची वाफ झाली. वाफ झाली की पंप नुसता हवेत हापसत राहतो. उपाय फारसा काही नाही. बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, ते वाळलं की दुसरं. तेवढ्यात तिथे सभा भरली. पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक जण थांबला. कुणाच्या मामांकडे हीच होती, कुणी हीत बसून लग्नाला गेलेलं. एका ट्रकवाल्याने प्लग काढायचा आग्रह धरला, त्याला चहा देऊन शांत केलं. वीसेक मिनिटांनी पंपाची छोटी दांडी हाताने हलवून पेट्रोल वर चढवलं, सेल्फ मारला, चालू. त्या टप्प्याचे आमचे सगळे गुण अर्थातच गेले.

कोल्हापुरात सायलेन्सरचा क्लॅम्प तुटलेला सापडला, किनाऱ्याच्या खड्ड्यांची भेट. शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये दाखवला. त्यांनी पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली, बसवून दिली. मी मिसळ खाऊन येईपर्यंत काम झालेलं. "जुनं चांगलं हुतं, पर ह्ये टिकंल," म्हणाले.

परतीचा हायवे कंटाळवाणा. साठच्या पुढे नेली नाही, मागून सगळे हॉर्न देत होते. पहिलं बक्षीस एका विलीज जीपवाल्या जोडप्याला मिळालं आणि ते योग्यच होतं. त्यांची वेळ घाटांतसुद्धा दोन-चार सेकंदांच्या वर हलली नव्हती. आम्ही यादीत बरेच खाली. भाचीने मात्र निकालाचा कागद घेऊन पसरणीतले सेकंद पुन्हा तपासले आणि आयोजकांची एक बेरीज चुकलेली शोधून काढली. क्रमांक त्याने बदलला नाही.

गाडी सध्या मिस्त्रींकडे आहे. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरला किंचित ओल दिसली, आणि पंप व इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवायला जाड पॅकिंग घालायचं चाललंय. भाचीने पुढच्या वेळेसाठी दोन स्टॉपवॉच मागितली आहेत.