मागच्या खोलीतला जुना नास

वेंगुर्ल्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशावताराची पोस्टरं, सोसायट्यांची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की बॅनर. गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "बाय, गेल्या वर्साची हँडबिलां आसत मां तुज्याकडे? तीच काढ, तारीख तेवढी बदल." म्हणजे गेल्या वर्षीची फाइल सापडली तर धंदा, नाही तर पुन्हा सगळं टाइप करत बसा.

त्या फाइली मागच्या खोलीतल्या एका जुन्या नासवर असतात. नास म्हणजे नेटवर्कला लावलेला डिस्कांचा डबा, दुकानातले सगळे कॉम्प्युटर त्यावरच फाइली ठेवतात. सायनॉलॉजी कंपनीचा डीएस२१३जे, दोन डिस्कांचा. पुण्यात भाच्याच्या ऑफिसने सामान बदललं तेव्हा हा डबा भंगारात चालला होता, तो त्याने माझ्यासाठी उचलून आणला. आत मार्व्हेलचा आर्माडा ३७० प्रोसेसर, एकच कोअर, १.२ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ एमबी. डॉकर, म्हणजे त्याच डब्यात इतर प्रोग्रॅम वेगळे चालवायची सोय, त्यावर चालत नाही. डीएसएम, म्हणजे त्याची स्वतःची सिस्टिम, ७.१ वर येऊन थांबली, ७.२ त्याच्या नशिबी नव्हतं. भाचा म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर फार काही होणार नाही." मला फार काही करायचंच नव्हतं.

आल्या आल्या मी त्याच्यावरची फोटोंची ॲप काढून टाकली, मीडिया इंडेक्सिंग बंद केलं. पोस्टरांसाठी काढलेल्या फोटोंचे थंबनेल करायला बसला की सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन बसायचा आणि साधी कोरलची डिझाइनची फाइल उघडायलाही ताटकळावं लागायचं. आता तो दोनच कामं करतो. फाइली देतो आणि रात्री यूएसबी डिस्कवर नक्कल काढतो. शेअर्ड फोल्डरचा रिसायकल बिन मात्र चालू ठेवलाय, कारण दुकानातल्या मुलीचा डिलीटच्या बटणावर भारी जीव.

खरी गंमत आहे ती जुन्या कॉम्प्युटरची. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली माझी बरीच कामं विंडोज एक्सपीच्या एका मशीनवरच धड उघडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या फॉन्टच्या पद्धतीत, नेली की जोडाक्षरांची खिचडी होते आणि लग्नपत्रिकेत वधूच्या आजोबांचं नाव चुकलं तर काय होतं ते मी सांगायला नको. हा एक्सपी नेटवर्कवर फक्त एसएमबी १ बोलतो, म्हणजे विंडोजची फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, तो एसएमबी १ ला दारात उभं करत नाही. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते आपोआप टाकणंच बंद केलं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. नास मात्र दोघांशी बोलतो. त्याच्या सेटिंगमध्ये कमीत कमी एसएमबी १ आणि जास्तीत जास्त त्याला झेपेल ते, असं ठेवलं की एक्सपीवर सेव्ह केलेली फाइल लॅपटॉपवर दिसते. आमच्याकडे सासू-सुनेत मध्यस्थी करणारी एखादी आत्या असते ना, तसं हे प्रकरण.

पण एसएमबी १ चालू ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ, हे मला ठाऊक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधल्याच भोकातून. म्हणून एक्सपीला आणि नासला, दोघांनाही हाताने आयपी दिलाय आणि गेटवेची, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराची, जागा रिकामी ठेवलीय. दुकानातल्या दुकानात सगळं चालतं, बाहेर जायला रस्ताच नाही. डीएसएमचं अपडेट आलं तर लॅपटॉपवर उतरवायचं आणि हाताने चढवायचं.

डोंबिवलीचा दादा मागे लागला होता की गणपतीचे फोटो तिथून बघता येतील असं काहीतरी कर. मी नाही म्हटलं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह ही नेटवर्क डिस्क वापरणाऱ्या कित्येक लोकांच्या डिस्का बाहेरून कुणीतरी पुसून टाकल्या. ती यंत्रं बिघडलेली नव्हती. त्यांना अपडेट यायचे थांबून वर्षं झाली होती आणि तरी ती इंटरनेटला लावलेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या नासवर क्यूलॉकर नावाचा व्हायरस आला, त्याने फाइली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून कोंडल्या आणि पैसे मागितले. दादाला सांगितलं, चतुर्थीला येतोस ना, येताना हार्ड डिस्क घेऊन ये.

आता कोकणाबद्दल. इंटरनेटवर जे लोक जुन्या नासबद्दल लिहितात त्यांची चिंता वेगाची असते. आमची चिंता वीज आणि खारी हवा.

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस आणि इको. इकोवर असलं की लाइट जाताना क्षणभर खंड पडतो, पंख्याला कळतही नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवलं तर ते होत नाही, पण मग तो व्होल्टेजच्या बाबतीत नखरे करतो. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी आमचं व्होल्टेज पडतं, तेवढ्यावर तो बॅटरीवर जातो आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते. म्हणून नासला वेगळा छोटा यूपीएस घेतला, आणि तोही यूएसबी पोर्ट असलेला. स्वस्तातल्या बहुतेकांना तो नसतो, दुकानदार "काय फरक पडता?" म्हणतो. पडतो. त्या वायरीवरून नासला कळतं की लाइट गेली, आणि थोडा वेळ वाट बघून तो स्वतःच सगळं बंद करून शांत बसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने जिल्हाभर खांब आडवे केले, तसं झालं तर कुठलाही यूपीएस पुरणार नाही. त्याचं काम लाइट टिकवणं नाहीच, लिहिता लिहिता डिस्क बंद पडू नये एवढंच.

वळिवाला गडगडायला लागलं की मी प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढते. लोक प्लगच काढतात. वीज केबलवाल्याच्या तारेतूनही येते.

लॅनच्या पिना पावसाळ्यात हिरवट पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, नाही तर गिगाबिटची लिंक गुपचूप शंभरवर येते आणि आपण डिस्कला शिव्या घालतो. बाकी आषाढ-श्रावणात भिंतीला बुरशी, कपाटातल्या सीडींना बुरशी, पण नासच्या आत नाही. चोवीस तास चालणारं यंत्र कोमट राहतं, म्हणून कोरडं राहतं. महिनाभर बंद ठेवलेला प्रिंटर मात्र हमखास रुसतो. नासच्या पंख्यात पालीची अंडी सापडली होती, त्यावर जाळी बसवली.

डबाच मेला तर काय, असं विचारतात. डिस्का लिनक्सच्या मशीनला लावल्या की उघडतात. आत साधं लिनक्सचं रेड, म्हणजे दोन डिस्का जोडायची पद्धत, आणि ईएक्सटी४, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, आहे. मिरर आहे, म्हणजे दोन्ही डिस्कांवर सारखंच लिहिलं जातं, म्हणून बॅकअप नको, असं मात्र नाही. पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच वेळी पुसली जाते. म्हणून ती रात्रीची नक्कल, आणि तिची आणखी एक प्रत माझ्या माहेरी, सावंतवाडीला.

कुणी असला जुना नास घ्यायला निघालं असेल तर आधी मॉडेल टाकून बघा, शेवटचं डीएसएम कुठलं मिळतं ते. मग स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, रिपोर्ट उघडायला सांगा. चालू राहिलेले तास कितीही असोत, पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या, रकान्यात शून्य हवं. ॲडॉप्टर मूळचा आहे का ते हातात घेऊन बघा. आणि विकणारा म्हणाला की "पाच मिनिटं चालवून दाखवतो", तर चहा मागवा आणि तासभर बसा.